गूळ कापायची तार

अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुकाही असतील. चौथीपुढं शिकले नाही, सांभाळून घ्यावं. हे घरात कुणाला तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते.

राजुरीला सासरी आले तेव्हा चुलीमागच्या खुंटीला एक लांब तार असे. पिळाची, खरखरीत, दोन्ही टोकांना कड्या. सासरे जुन्नरला गुरांच्या दवाखान्यात झाडलोट करत, तिथल्या मोडीतून त्यांनी आणलेली. गुळाच्या ढेपेवर ओढली की ढेप सरळ कापली जाई, चुरा पडत नसे. आळीतल्या बायका आमच्याकडूनच गूळ विकत नेत. शेजारच्या आक्कांनी सुनेच्या बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडवांना तीन रुपयांचा नेला. मीच कापून दिला.

त्याच महिन्यात आमची गाय अडली. वासरू पोटातच मेलेलं. गुरांचे डॉक्टर हात धुवायला आले आणि खुंटीकडे बघत राहिले.

"ही आमच्या दवाखान्यातली तार. हिनं किती वासरं काढलीत. द्या इकडं."

त्यांनी आतल्या आत वासराचे तुकडे केले आणि एकेक ओढून काढला. गोठाभर वास. मी गरम पाणी धरून उभी. तारेच्या पिळात केस आणि बुळबुळीत काहीतरी अडकलेलं. जाताना डॉक्टर सहज म्हणाले, अशी तार आधी बायांसाठीच निघाली. अडलेल्या बाईचं ओटीपोटाखालचं हाड हिनं कापून मूल काढत.

सासूबाईंनी तार राखेनं घासली आणि परत खुंटीला लावली. "धुतलीया की. गुळाला काय कळतंय?"

मी ती उकिरड्यात खोल पुरली. पण आक्कांची बाळंतीण रोज सकाळी लाडू खात होती. ते तीन रुपये माझ्या अंगावर चिकटल्यासारखे वाटत. सासूबाईंकडे मागायची सोय नव्हती. लोकांच्या गोधड्या शिवून एक रुपया जमला, तो घेऊन गेले.

"कसलं पैसं गं?"

"गूळ खराब व्हता."

"खराब? सुनंनं बोटं चाटली."

मग खाली मान घालून सगळं सांगितलं. आक्का उठल्या. आत जाऊन डबा आणला, उरलेले दोन लाडू म्हशीपुढं टाकले आणि लुगड्याला हात पुसत बसल्या.

"सुनंला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. मग, "बाकीचं दोन रुपये कवा देतीस?"

दिवाळीच्या आत शेवटचे चार आणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजून घेतले.