वाकळे सरांचं अप्लाइड गणित

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी आणि रिकामे तास जास्त, त्यामुळे किस्से साचायला वेळ लागत नाही. त्यातले निम्मे एकट्या वाकळे सरांचे! सर अप्लाइड मॅथेमॅटिक्सचे. जमिनीतून पाणी कसं झिरपतं याची समीकरणं मांडतात. परदेशातले विद्वान त्यांचे पेपर वाचतात म्हणे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे 'म्हणे'!

एवढा मोठा माणूस, पण अजून असोसिएटच. 'प्रोफेसर' पदाच्या मुलाखतीतून दोनदा परत आलेला. जूनमध्ये रिटायरमेंट, त्याआधी एकच संधी शिल्लक.

* * *

प्राचार्यांनी एकदा सरांना बोलावलं. "तुमचं गणित अप्लाइड ना? मग टाइमटेबल करा!"

सरांनी आठवडाभर खपून शास्त्रशुद्ध टाइमटेबल केलं. सगळ्यांना सारखे तास, कुणालाही दुपारी दोनला घरी पळता येईना. स्टाफ पेटला! मी पण पेटलो, खोटं कशाला बोलू?

प्राचार्यांनी कागद परत दिला. "सर, गणित बराबर आहे. पण मला इथं नोकरी करायचीय."

* * *

सेनगावच्या जीपमध्ये सरांनी ड्रायव्हरला समजावलं, की एवढ्या जागेत दहाच्या वर माणसं बसूच शकत नाहीत.

"व्हय सर," ड्रायव्हर म्हणाला. "तुमी अकरावे. सरका जरा, अजून तिघं येऊन राहिलेत."

* * *

परदेशी विद्यापीठासाठी सरांचं ऑनलाइन भाषण होतं. ऐन रंगात लाइट गेली. सर डोकं धरून बसले.

मागं बसून भाषण ऐकणारे शिपाई नामदेवराव धीर द्यायला पुढं आले. "काहून तकलीफ करून घेता सर? समजत तर मला बी काही न्हवतं. मी बसलोच होतो की!"

* * *

जवळा बाजारला सत्कार होता. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "सरांचं संशोधन इतकं खोल आहे, की आजपर्यंत एकाही माणसाला कळलेलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यात जोरात आमचे प्राचार्य.

प्रोफेसरपदाच्या दुसऱ्या मुलाखतीत मात्र तज्ज्ञांनी तोंडावरच विचारलं. "उत्तम आहे हो, पण शेतकऱ्याला याचा उपयोग काय?" परतताना बसमध्ये शेजारी बसलेल्या मला सर हिंगोलीपर्यंत तोच प्रश्न परत परत विचारत राहिले. आम्ही त्यांची कितीही टिंगल करू, त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

* * *

आणि मग ती शेवटची मुलाखत. या वेळी सरांनी पुसेगावच्या सखारामकाकांच्या शेततळ्याचं गणित मांडलं होतं. पाणी किती दिवस पुरेल ते काढून दिलं होतं. उपयोग झाल्याचा पुरावा म्हणून काकांकडून पत्र मागवलं आणि गडबडीत न वाचताच फाईलला लावलं. मी सोबतीला होतो, अर्ध्या उघड्या दाराबाहेर बसलेला.

निवड समितीच्या अध्यक्षांनी नेमकं तेच पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं.

"सर बोलले, पाणी होळीपर्यंत पुरंल. तळं गेल्या साली संक्रांतीलाच आटलं. सरांचं गणित बराबर होतं. खेकड्यांनी बांध पोखरला, त्याला सर काय करतील? माणूस चांगला हाय. त्यायला प्रोफेसर करा."

मी दाराच्या फटीतून आत डोकावलो.

मग एक तज्ज्ञ म्हणाले, "खेकडे? अहो, माझ्या तळ्याचं पण तेच झालंय!"

दुसरे म्हणाले, "चुना टाकून पाहिला का?"

"काही उपयोग नाही. आठ दिवसांत परत बिळं."

अर्धा तास खेकडे! गणिताचा एकही प्रश्न नाही. सर मधेच समीकरण दाखवायला उठले, तर त्यांना हातानंच खाली बसवलं.

"त्या काकांनी पुढं काय केलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"बिळं बुजवली, बांध नव्यानं चोपला," सर रडवेल्या आवाजात म्हणाले. "यंदा थेंब गळत नाही."

अध्यक्षांनी सही ठोकली आणि उठून सरांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन, प्रोफेसर वाकळे! आणि जाता जाता त्या सखारामकाकांचा नंबर तेवढा देऊन जा."