ताईंचं घोरणं

गल्लीतल्या निम्म्या बायका केस कापायला ताईंच्याच दुकानात यायच्या. त्या ताईंनी एकदा एका बाईंचे केस डावीकडे कानापर्यंत कापले, उजवीकडचे खांद्यावर तसेच ठेवले आणि कात्री हातात धरून उभ्या उभ्या पेंगल्या. गिऱ्हाईक जुनं, म्हणून हसण्यावारी गेलं.

ताई मात्र मनातून हादरल्या. हल्ली ओळखीच्या बायकांची नावं ओठांवर येऊन अडायची. त्यांचे वडील शेवटी पोटच्या लेकीला "आपण कोण?" म्हणून विचारायचे. आता आपली पाळी, असं धरून ताई गप्प राहिल्या.

एका दुपारी भावजय दुकानात डोकावली. ताई खुर्चीत घोरत होत्या. मधेच घोरणं थांबलं, श्वासही थांबला. भावजय धावत पुढे झाली. ती हात लावणार तोच ताई गुदमरून दचकल्या.

"ताई, श्वास बंद पडला होता तुमचा! डॉक्टरकडे चला."

"घोरते म्हणून? कुणाला सांगू नकोस बाई, लाज जाईल माझी."

पण भावजय ऐकते कुठली!

"रात्री शेजारी कोण झोपतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. हे गेल्यापासून एकटीच."

"म्हणूनच कळलं नाही."

झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास सारखा अडत होता; मेंदूला ना पुरता प्राणवायू, ना विश्रांती. पेंग आणि विसराळूपणा त्यानेच असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंनी धीर करून वडिलांचं विचारलं. तेही घोरता घोरता एकदम गप्प व्हायचे, आणि पोरं तोंड दाबून खिदळायची.

"असा श्वास अडणं आणि स्मृती जाणं यांचा संबंध असावा असं संशोधनात दिसतंय, पण खात्री नाही. त्यांचं आता कळणार नाही. तुमच्यावर उपाय आहे."

बाहेर बाकावर ताईंना रडू फुटलं. "आम्हाला गंमत वाटायची गं," एवढंच भावजयीला म्हणाल्या.

झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं मशीन मिळालं, पण त्याच्या नाकावरच्या मास्कने आधी जीव नकोसा केला. मशीन कपाटात गेलं. भावजयीने ते पुन्हा बाहेर काढलं. हळूहळू सकाळी डोकं हलकं वाटू लागलं, पेंग गेली. काही नावं अजून अडतात. ताई सरळ "नाव सांगा हो," म्हणतात.

मग त्यांनी धाकट्या भावाला गाठलं.

"तू घोरतोस ना?"

"पुरुषमाणूस घोरणारच, ताई!"

"बाबाही घोरायचे. ऊठ."

तो कुरकुरला, पण ताईंचा चेहरा बघून निमूट चपला घालू लागला.