आतून हाक मारली तर

नोकरीसाठी पुण्याला निघालो, तेव्हा पिंपळगाव राजाच्या एसटी थांब्यावर सगळं घर आलं होतं. मागे दाराला नुसती कडी. मी बाबांना म्हणालो, "कुलूप?"

"काऊन? गावाले तू जाऊन राह्यला, आम्ही नाही."

आमच्याकडे दार पाहून कळायचं. कडी म्हणजे माणूस जवळपास, कुलूप म्हणजे परगावी. बाबा गेले, आई माझ्याकडे यायला निघाली, तेव्हा त्या दाराला कुलूप लागलेलं मी प्रथमच पाहिलं. तिनं बजावलं, "गमलं तरच राहीन."

पहिल्याच आठवड्यात भाजीला उतरताना तिनं फ्लॅटची बाहेरची कडी ओढून घेतली. कुत्रं शिरू नये, ही गावची सवय. बायको कामावर गेलेली, मी आत आंघोळीला. ऑफिसला निघालो तर दार उघडेना. दार बडवलं, हाका मारल्या. लिफ्ट वरखाली होत होती, थांबलं कोणी नाही.

आई परतली. "हाक मारायची नं! कोनीबी उघडलं असतं."

"मारल्या. कोणी आलं नाही."

तिनं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् मले काही झालं तर?" दुपारी तिनं गावी परतायला कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

बाहेरची कडी काढून नवं कुलूप बसवायचं ठरवून मी दार मोजलं. जाडी पस्तीस मिलिमीटर. आईला दुकानात सोबत नेलं. बायकोला बोटाच्या ठशाचं कुलूप हवं होतं. आईनं एकेक हँडल दाबून पाहिलं. गोल मूठ तिच्या बोटांना फिरेना. लांब दांडीचं तिनं कोपरानं उघडलं.

"मावशी, कोपरानं कोण उघडतं?" दुकानदार हसला.

"हाताले पीठ लागलं असलं म्हणजे तू कायनं उघडशील रे?"

तेच घेतलं. आतून चावीविना उघडणारं, बाहेरून चावी लागणारं. चाव्या तीन: एक माझी, एक बायकोची, एक आईची. आईनं तिची समोरच्या नसीमभाभींना देऊन टाकली.

"अगं, तुला?"

"मी त घरातच असते. मले कायले?"

मग दार लावून ती आतून ओरडली, "नसीम!" भाभी धावत आल्या, चावी लावून आत शिरल्या.

"काय झालं आजी?"

"काही नाही. पाहून राह्यली होती."

"आता रोज परीक्षा का?"

संध्याकाळी पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली. गावाकडचे फोनवर विचारतात, पुण्यात घर झालं का? चौरस फूट मी तोंडपाठ सांगायचो. आता आधी सांगतो, आतून हाक मारली की समोरून कोण येतं ते.