कापसाच्या भिंती

दुसऱ्यांची पुस्तकं मोठ्यानं वाचणं हा माझा धंदा आहे. पुण्यातली एक कंपनी मला पुस्तक पाठवते, मी ते माइकसमोर वाचते आणि लोक ते स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकतात. वाचून झालं की मी रेकॉर्डिंग साफ करते. साफ करणं म्हणजे मुख्यतः श्वास कापणं. दोन वाक्यांमध्ये आपण घेतलेला श्वास ऐकणाऱ्याला नको असतो. सात वर्षं मी हे काम करते आहे आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला माज होता.

पुणं सोडून मी नांदूरघाटला घरी आले ती आप्पांच्या घशासाठी. वडलांना आम्ही आप्पा म्हणतो. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की गाठ स्वरयंत्रावर आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला तीन आठवडे होते. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तोवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढं घरच्यांना बरं वाटतं. मला हसू आलं. रेकॉर्ड करायला हे कुणाला सांगत होते?

आप्पांचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते आमच्या गावात कुणालाही विचारा. मी लहान असताना आमचं घर दर वर्षी ऊस तोडायला जायचं. पहाटे टोळी उठवायचं काम आप्पांचं. एका कोपीपाशी, पाचटाच्या झोपडीपाशी, उभं राहून ते हाळी द्यायचे आणि सगळ्या कोप्या जाग्या व्हायच्या. थंडीत त्या आवाजाचा मला इतका राग यायचा की मी कानात बोटं घालून पडायची.

पण हा माणूस फोनवर फक्त 'हां, बरं, ठेव' एवढंच बोलायचा. समोर बसवून काही विचारलं तर तेही नाही. आप्पांचे हात चालू असले तरच तोंड चालू असायचं. दोर वळताना, खुरपताना, शेंगा फोडताना ते तासन्‌तास बोलत. हात थांबले की बोलणं थांबलं. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी मी ठरवलं, की त्यांना खुर्चीत बसवायचं आणि समोर माइक ठेवायचा.

आणि तोही साध्या खोलीत नाही. आमच्या घराला वर पत्रे, भिंती सिमेंटच्या. टाळी वाजवली की टाळीच्या मागे तिची चार पोरं धावत यावीत तसा आवाज घुमतो. असल्या खोलीत आप्पांचा आवाज घ्यायचा म्हणजे मला माझ्या कामाचा अपमान वाटला. म्हणून ठरलं, की कडेच्या खोलीत आवाज शोषणाऱ्या चौकटी बसवायच्या. लाकडी पट्ट्यांची चौकट, आत काहीतरी मऊ भरायचं, वरून विरळ कापड. आत भरायचं सामान मी पुण्याहून मागवणार होते.

आप्पा म्हणाले, "कावून? घरात कापूस हाय की."

होताच. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून त्याच खोलीत छताला लागेपर्यंत पडून होता. आता घरात साठवलेल्या कापसात किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या खोलीत दिवाळीपासून कुणी झोपत नव्हतं. ते मलाही ठाऊक होतं आणि आप्पांनाही. पण घरचा कापूस सोडून बाहेरचं आणणं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय आपला कापूस आपल्या आवाजाच्या कामी येतोय, याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. मला त्या अप्रूपापुढे नाही म्हणता आलं नाही.

चौकटींपुरता ठेवून बाकीचा कापूस अंगणात ताडपत्रीखाली हलवला, केजहून पट्ट्या आणल्या. मी माप घ्यायची, आप्पा कापायचे, ठोकायचे. कापडाऐवजी त्यांनी जुनं बारदान उसवून धुतलं. चौकटीवर बारदान ताणून ते दाभणानं सुतळीचे टाके घालायचे, कापूस भरायची मोठी झाल शिवावी तसे. त्यांच्या टाक्यांमध्ये कधी अंतर चुकलं नाही. माझी मापं मात्र दोनदा चुकली आणि पट्ट्या वाया गेल्या, त्यावर त्यांनी मला चार दिवस चिडवलं.

आणि ते बोलत होते. घसा खरखरत होता, मधे थांबावं लागायचं, पण हात चालू होते म्हणून बोलत होते. आईशी लग्न कसं ठरलं ते. मुकादमाशी भांडून आणि कोयता टाकून एकदा पायी निघाले होते ते. जे मला जन्मात सांगितलं नव्हतं ते सगळं. मी मनात कोपऱ्यांची मापं करत होते. फोन शेजारीच पडला होता. पण ठोकाठोकीचा आवाज, वर पत्रा, असलं रेकॉर्डिंग काय कामाचं? खोली तयार होऊ दे, मग हेच सगळं नीट बोलायला लावू.

एका दुपारी ते माझ्या जन्माचं सांगत होते. मी उसाच्या फडाशेजारी कोपीत जन्मले, एवढं मला माहीत होतं. आप्पा म्हणाले, "तुजी माय आत, मी भायेर. तू रडलीच न्हाईस. लई येळ रडली न्हाईस. मंग मी काय केलं..."

मी म्हटलं, "आप्पा, ही पट्टी धरा जरा, सरकतीय."

त्यांनी पट्टी धरली. गोष्ट तिथंच राहिली. आई आत होती, तिला बाहेरचं माहीत नाही. आप्पांना सहीपुरतंच लिहिता येतं. आप्पांनी तेव्हा काय केलं, हे आता जगात कुणीच मला सांगू शकत नाही.

दहाव्या दिवशी सहा चौकटी भिंतीला लागल्या. मी टाळी वाजवली. टाळी आली आणि मेली, मागे काही नाही. मला इतका आनंद झाला की मी आप्पांना मिठी मारली. मग त्यांना खुर्चीत बसवलं. बोलणं घेण्याआधी रिकाम्या खोलीचा एक मिनिटाचा आवाज घ्यायची पद्धत असते, पुढे साफ करताना तो लागतो. ते मिनिट घेतलं. मग म्हटलं, बोला.

आप्पा हात मांडीवर ठेवून बसले आणि माइककडे बघत म्हणाले, "काय बोलू?" आणि मान खाजवू लागले. मग दंड, मग पाठ. मलाही सुरू झालं होतं. बंद खोली, चारी बाजूंनी सरकीसकट कापूस, आणि आम्ही दोघं वानरांसारखे खाजवतोय. त्यांना हसू फुटलं, त्यातून खोकला आला. खुर्ची करकरत होती, खाजवल्याचा आवाज येत होता. मी तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्यांचं 'काय बोलू' आणि ते हसू, दोन्ही पुसलं. खराब होतं म्हणून.

मग मी चौकटी उतरवल्या. टाके उसवून कापूस उन्हात टाकला, सरकी काढायला आणि पिंजून आणायला पाठवला, बारदान पुन्हा धुतलं. पाचेक दिवसांचं काम होतं. चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, की जागा रिकामी झालीय, गाठ वाढायच्या आत करून टाकू, उद्याच या.

त्या संध्याकाळी घेता आलं असतं. उघड्या भिंतींच्या खोलीत, अंगणात, कुठंही. पण गावात बातमी पसरली आणि माणसं भेटायला आली. ऑपरेशनला जाणाऱ्याला भेटून येणं आमच्याकडे चुकवत नाहीत. चुलत्यांपासून जुन्या टोळीतल्या बायाबापड्यांपर्यंत सगळी आली. चहाची दोन पातेली झाली. आप्पा सगळ्यांशी बोलले. कुणी गंभीर झालं की त्याची थट्टा केली. मी चहा देत फिरत होते आणि म्हणत होते, सकाळी गाडी यायच्या आधी अर्धा तास घेऊ, शांततेत.

सकाळी त्यांचा आवाज पूर्ण बसला होता. ओठ हलले, पण नुसती हवा आली. आदल्या दिवशी सगळ्या गावानं आप्पांचा आवाज ऐकला आणि ज्या एकटीचं पोटच आवाजावर चालतं, तिच्याकडं काही नव्हतं. गाडीत मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. नंतर सगळ्यांचे फोन धुंडाळले, भावकीतल्या एका लग्नाचा व्हिडिओ सापडला. त्यात आप्पा कुणाला तरी जेवायचा आग्रह करताना दिसतात. वर डीजे वाजतोय.

ऑपरेशन नीट झालं. आता ते गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर पांढरं फडकं असतं. आईला हाक मारायची तर ताटलीवर चमचा वाजवतात. घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पिंजलेला कापूस स्वतः चौकटींत भरला, टाके घातले आणि खोली पुरी करून दिली. हात चालू होते, तोंड बंद होतं. मी शेजारी बसून सुतळी ओवून देत राहिले.

त्या खोलीत मी आता पुस्तकं वाचते. आवाज इतका स्वच्छ येतो की कंपनीनं मुद्दाम कळवलं. मागच्या महिन्यात जुन्या फायली आवरताना एक सापडली. नाव माझंच दिलेलं, 'रिकामी खोली'. मी ती पुसायला निघाले होते, कारण खोली बदलली, जुनं मिनिट काय करायचं? सवयीनं एकदा लावून बघितली.

आधी माझा आवाज येतो. "आप्पा, श्वास ऐकू येतोय. जरा धरता का?"

"धरतो."

मग शांतता. घशात गाठ असलेला माणूस मी सांगितलं म्हणून श्वास धरून बसलाय. वीसेक सेकंदांनी नाकातून श्वास सुटतो, तो जुना, घरघरता, आता कधीच न येणारा. मग हळूच, "झालं का, माय?" आणि त्यावर मी, कामाच्या तोऱ्यात, "नाही अजून. बोलू नका."

एवढंच आहे. माझं वाक्य कापून टाकणं चुटकीसरशी होणारं काम होतं. कापून फक्त त्यांचं त्यांना ऐकवावं असं दोन दिवस मनात होतं. हात धजला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांना खोलीत नेलं, त्याच खुर्चीत बसवलं आणि आहे तसं ऐकवलं.

स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले. माझं 'बोलू नका' आलं तसे उघडले. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी शहाण्या पोरासारखं ओठांवर बोट ठेवलं आणि हसायला लागले. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता.