बिनमातीची खोली

आमच्या विहिरीचं पाणी बिघडल्याचं आधी आईला कळलं. तूरडाळ शिजेना. तिनं वाण्याला दोष दिला, डाळ बदलून आणली, तरी दाणे टणकच. मग बाबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं. शेजारच्या वाडीवाल्यानं टँकरना पाणी विकायला सुरुवात केली होती. त्याचा पंप दिवसभर चाले. गोडं पाणी उपसलं गेलं तसं खालून खारं शिरलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या केळींच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. पानवेली तर उभ्या उभ्या वाळल्या.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. वय तिशीला टेकलेलं, लग्न झालेलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर कोणी ना कोणी त्याची आठवण करून देई. थोरला भाऊ बायकोमुलांसह वांद्र्याला राहत होता. घरी आई, बाबा आणि मी.

कॉलेजच्या ग्रंथालयात बिनमातीच्या शेतीवर एक पुस्तिका होती. खडीत रोप लावायचं, मुळांना क्षार विरघळवलेलं पाणी द्यायचं. वाडी भिजवायला विहीर लागे, इथे पिंपभर पाणी कितीतरी दिवस पुरलं असतं. मी विचार केला, पावसाळ्यात वाडीतली पालेभाजी कुजते आणि बाजारात मेथी दिसत नाही. तेव्हा घरात, ट्यूबलाइटखाली मेथी उगवली तर? पाणी तर छपरावरून फुकट पडणार.

घरामागे केळी पिकवायची कोठी होती. खिडकी नाही, भिंती धुरानं काळ्या. केळीच नव्हती, तेव्हा ती रिकामीच पडली होती. मी जमिनीवर खडूनं आखणी केली. इथे पत्र्याचे उथळ ट्रे, गंजू नयेत म्हणून आतून डांबर लावलेले. वर साखळ्यांना टांगलेल्या ट्यूब, रोपं वाढतील तशा वर घ्यायला. कोपऱ्यात पिंप. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"आणि मुळं धरणार कशाला?" त्यांनी विचारलं.

"खडीला."

"आणि खाणार काय?"

"पाण्यात घालते ना मी, खताचे क्षार."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर कोठीला आतून चुना लावलेला. पांढऱ्या भिंतीवर उजेड परततो, हे मी आईशी बोलत होते, ते बाबांनी ऐकलं होतं. त्यांच्या पापण्यांवरही चुना होता.

पहिली मेथी फसली. काड्या लांबलचक, फिकट, एकमेकींवर रेललेल्या. उजेड कमी पडत होता. भावाला हे कळलं तेव्हा तो हसेल असं मला वाटलं होतं. उलट तो रविवारी आणखी ट्यूब घेऊन आला, स्वतः स्टुलावर चढून टांगल्या, मला बारीकसारीक विचारत राहिला. त्याच्याकडून मला कधी इतकं महत्त्व मिळालं नव्हतं. त्या रविवारी मी आनंदात होते, हे आज लिहितानाही मला टोचतं.

दुसरी मेथी आली. ऐन पावसात, हिरवीगार. आईनं ती शेजारीपाजारी वाटली. भाऊ जेवायला आला होता. त्यानं भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि बाबांना म्हणाला, "बघा बाबा, आता आपली बायच दाखवते आहे. मातीची गरजच उरली नाही. ती खारट जमीन धरून बसून काय करणार? माझ्या ओळखीचा एक बिल्डर आहे, चांगला माणूस आहे."

माझा घास हातातच राहिला. "मी भाजीबद्दल बोलते आहे," मी म्हटलं. "वाडीबद्दल नाही. बाबा, विकू नका. टँकर बंद झाले तर दोन-चार पावसात विहीर सुधारेल."

"टँकर कोण बंद करणार, तू?" भाऊ म्हणाला. मग आवाज खाली आणून, "हे बघ, तू उद्या सासरी जाशील."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी परत म्हटलं, विकू नका. आई ताटं उचलायला लागली.

त्यानंतर भाऊ दर आठवड्याला आला. बरोबर कोणी ना कोणी असे. त्यांना तो आधी कोठीत नेई, ट्यूब लावून मेथी दाखवी. मग सगळे बाबांबरोबर ओटीवर बसत. पाऊस संपायच्या आत बाबांनी सही केली.

घर आम्हाला राहणार होतं, पण कोठी नव्या रस्त्यात येत होती. मी कामावरून परतले तेव्हा ती पाडून झाली होती. ट्रे अंगणात उपडे पडलेले, खडी मजुरांनी काँक्रीटला वापरलेली. ट्यूब भावानं उतरवून बिल्डरच्या साइट ऑफिसात लावायला दिल्या. त्यानं ते मला सहज सांगितलं, एखादी चांगली सोय केल्यासारखं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

मी सासरी गेले नाही. वाडीवर चार मजली इमारती उठल्या आणि बाबा बाजारातून भाजी आणायला लागले. जन्मात भाजी विकत न घेतलेला माणूस जुडी हातात घेऊन तिथेच उभा राही, काय करायचं ते न कळल्यासारखा. घरी आणून ती आईपुढे ठेवी आणि आत जाऊन पडे.

शेवटच्या आजारात मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला केला.

"तू सांगितलं असतंस ना, विकू नका म्हणून, तर मी विकली नसती."

"सांगितलं होतं, बाबा. जेवताना. दोनदा."

"मोठ्यानं नाही सांगितलंस," ते म्हणाले.

मी पेज निवली म्हणून गरम करायला आत गेले आणि चुलीपाशी उभी राहिले. मला रडू आलं नाही. राग आला होता. भावाचा आला होता, पण त्याहून जास्त, अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचा. तो राग अजून गेलेला नाही.