मामंजींनी तळं पेरलं

संस्थान विलीन झालं, घोडदळ मोडलं आणि माझे सासरे मिशांसकट शेतकरी झाले. मिशा अशा, की एक टोक ग्वाल्हेरच्या मुरार पेठेत तर दुसरं लष्कर पेठेत. ग्वाल्हेरबाहेर जमिनीचा तुकडा उरला होता. नव्या कायद्याने तो स्वतः कसला तरच हाती राहायचा.

मामंजींनी दक्षिणेच्या रिवाजाने मृगावर बाजरी पेरली. इथला पाऊस मृगाला ओळखतसुद्धा नाही! कोंब उन्हात असे भाजले, की कावळे पापड समजून उतरले. दुसऱ्या पेरणीचं तेच. मग पाऊस एकदम कोसळला. बेडूक आमच्या घरात आसऱ्याला आले. बियाण्यात राहिलं एक पोतं हरभरा.

शेजारचा किसान म्हणाला, "दाऊ, बाजरा भूल जाओ. अब बरसात ऐसी ही आती है, देर से और इकट्ठी. हम तो मेड़ ऊँची करके खेत में पानी रोक रहे हैं. क्वार में निकालेंगे, चना बोएँगे."

"भर श्रावणात शेत मोकळं?" मामंजी गरजले. "शहरात खासगी बाजार पेठेत राहणारे सोयरे म्हणतील, यांनी तळं पेरलं!" आणि हरभरा देऊन बाजरीचं बी आणायला निघाले.

सासूबाई पोत्यावर बसल्या. "आधी मला उचला, मग पोतं."

घोडं खांद्यावर घेणारा माणूस, पण सासूबाई हलल्या नाहीत. जेवण तिथेच, जप तिथेच. मी ताट नेऊन देई आणि पदराआड हसे. शेवटी मामंजींनी फावडं उचललं. बांध घालताना हुकूम असे सोडले, की चिखलसुद्धा रांगेत उभा राहिला.

सोयरे आले. "काय, होडी कुठाय?" मामंजींनी दातओठ खाल्ले.

आश्विनात पाणी सोडलं, वाफसा आला, हरभरा पेरला. हिवाळ्यात थेंब नाही. तरी मुरलेल्या ओलीवर पीक असं माजलं, की त्यात उंट हरवावा.

जमीन कोण कसतं ते नोंदवायला पटवारी बांधावर आला. "किसकी जोत है?"

मामंजींनी सासूबाईंकडे बोट केलं. "इनकी."

"नाम?"

जन्मात बायकोचं नाव न घेतलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. खाकरला. आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं त्याने ते घेतलं. सासूबाई घाटे तोडता तोडता थांबल्या, मग पाठ फिरवून पुन्हा तोडू लागल्या, नुसती पानंच.