पुढचं इंजिन आईचं

आमच्या घरात रेल्वेबद्दलचा शेवटचा शब्द बाबांचा. तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस, त्याच्यापुढे बोलणार कोण? आईनेही जवळजवळ तेवढीच वर्षं टेलिफोनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात केसाएवढ्या तारा गुंडाळल्या आणि झाळल्या. पण तिच्या कामाचा विषय आमच्याकडे कधी निघालाच नाही. कटनीपलीकडच्या चढावर मालगाडी कशी अडकली, हे मी जेवताना शंभरदा ऐकलंय. कॉइल कशी गुंडाळतात, हे चाळिशी उलटेपर्यंत विचारलंही नव्हतं. आता याची लाज वाटते.

बाबांना काचबिंदू. रिटायरमेंटला दोन वर्षं उरली असताना तपासणीत डोळे नापास झाले आणि त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला इंजिनाला हार घालतात, ढोल वाजतो, बायकामुलं प्लॅटफॉर्मवर येतात. बाबांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. एका मंगळवारी ते गाडी घेऊन आले, जेवणाचा डबा धुवायला टाकला, झोपले. तीच फेरी शेवटची होती हे त्यांना पंधरा दिवसांनी कळलं.

रिटायर झाल्यावर त्यांनी दोन डिझेल इंजिनांची मॉडेलं मिळवली, वीतभर लांबीची. गढा या आमच्या मोहल्ल्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत तखतावर, म्हणजे लाकडी पलंगावर, प्लायवूड टाकून लंबगोल रूळ जोडला, एक छोटा सिग्नल उभा केला आणि मालगाडीचे बारा डबे ठेवले. मला तो निव्वळ पोरखेळ वाटे. मी शाळेत गणित शिकवते. घरी आल्यावर चहा ठेवायला टेबल मोकळं मिळावं, एवढीच माझी अपेक्षा.

अरुंद रुळांची छोटी लाईन बंद होऊन तिच्या जागी रुंद रुळांच्या मोठीचं काम चाललं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेलाच आहे, डाव्याचंही फार दिवस सांगता येत नाही. आम्ही रिक्षाने घरी आलो. बाबा तखतापाशी बसले आणि म्हणाले, "एक डबल हेडर चालवायची आहे मले. दोन इंजिनं, पूर्ण गाडी. दिसून राहिलं तोवर."

म्हणजे हुकलेली शेवटची फेरी. हे आम्हा दोघींना न सांगता कळलं.

पण ती दोन इंजिनं जोडली की एक धावायचं आणि दुसरं रखडायचं, कारण मोटारी सारख्या नव्हत्या. उपाय होता डिजिटलचा. प्रत्येक इंजिनात नखाएवढी चिप बसवायची. मग रुळांतून वीज सतत वाहते, पण इंजिन फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतं. आधी दोघांचा वेग जुळवायचा, मग दोघांना एकच नंबर द्यायचा, की एकच माणूस दोन्ही चालवतो. शहरात दोन दुकानांत विचारलं. ओमतीतला एक मोबाइल दुरुस्त करणारा इंजिन उघडून बघून म्हणाला, "दीदी, ये अपने बस का नहीं है।"

आईने ते इंजिन त्याच्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाली, "चलो. मी करते."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून आपली कारखान्यातली पेटी काढली. सोल्डरिंगची बारीक टोकाची सळई, चिमटे, मेणाचा धागा. कमानिया गेटजवळच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. मग मी जे पाहिलं ते मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं. सहासष्ट वर्षांची ही बाई, जिच्या हातून फोडणी हमखास करपते, तिचा हात त्या इंजिनावर केसभर हलेना. मोटारीची तार थेट रुळाच्या विजेला जोडलेली असते, ती आधी पूर्ण सोडवावी लागते. एक जरी धागा चिकटून राहिला तरी चिप जळते. आईने ती सोडवली, मीटर लावला, पुन्हा लावला. प्रत्येक तार मेणाच्या धाग्याने बांधली. झाळलेला प्रत्येक टाका चिमट्याने ओढून पाहिला. "दुसऱ्यांदा तापवला तो टाका मेला," ती म्हणाली. "जमला नाही तर कापायचा, नवा द्यायचा. तापवून तापवून लपवायचा नाही." मी गणिताच्या वह्या बाजूला ठेवून बघत बसले.

पहिलं इंजिन तिने मी शाळेत असताना पुरं केलं, बाबांना विचारत विचारत. दुसऱ्याच्या वेळी मी सोबत होते. इंग्रजी माहितीपत्रक वाचून तिला मराठीत सांगत होते.

चाचणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने दोन्ही इंजिनांना कुंकवाचं बोट लावलं. रंगाला डाग पडेल, हे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. वेग नंतर जुळवू म्हणून मी दोघांना आधी एकच नंबर दिला. बाबांनी कंट्रोलरच्या दोन मुठींपैकी एक फिरवली.

गाडी हललीच नाही. दोन्ही इंजिनांची चाकं जागच्या जागी गरगरली, मधली कडी ताणली आणि टचकन तुटली. एक इंजिन पुढे गेलं, दुसरं मागे जाऊन डब्यांवर आदळलं.

"काय करून ठेवलं हे?" बाबा कडाडले. "तुले रेल्वेतलं काय समजते?"

मला असा संताप आला! तीन आठवडे ती बाई मान मोडून बसली होती. मी तोंड उघडणार तोच आई शांतपणे म्हणाली, "अवो, इंजिनाचं पुढचं तोंड कोणतं?"

"लांब बाजू. आणखी कोणती?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी माहितीपत्रक पुन्हा उघडलं. या इंजिनांत ड्रायव्हरची केबिन एका टोकाजवळ असते. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांब धड. बाबांच्या लेखी लांब धड म्हणजे पुढचा भाग. पहिलं इंजिन आईने त्यांच्या शब्दावर जोडलं होतं. माहितीपत्रकात आखूड नाकाला पुढचा भाग म्हटलं होतं, आणि दुसरं मी वाचून दाखवलं तसं जोडलं गेलं. जन्म रेल्वेच्या घरात काढून मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की पुढे म्हणजे कुठे. चूक माझी होती आणि बोलणी आईने खाल्ली होती. मी ते तिथल्या तिथे कबूल केलं. बाबांनी आईची माफी मागितली नाही. तो रिवाज आमच्याकडे नव्हता.

माहितीपत्रकात मला तोडही सापडली: चिपमधला एक आकडा बदलला की दिशा उलटते, इंजिन उघडायला नको. आईने ऐकलं नाही.

"आकडा पुसला गेला तर? पुढं कोणी उघडलं तर त्याले तारा खोट्या सांगतील. मी चुकीचा टाका ठेवत नसते."

मी चिडले. म्हटलं, बाबांच्या डोळ्यांकडे तरी बघ, दिवस कुठे आहेत? ती म्हणाली, नवी कडी दिल्लीहून येईपर्यंत तरी दिवस आहेतच ना. तिने त्या तारा कापल्या आणि नव्याने जोडल्या. मग वेग जुळवणं सुरू झालं. मी घड्याळ लावून फेऱ्या मोजायची, बाबा मात्र रुळाकडे पाठ करून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "मागचं घाईत आहे." घड्याळ दर वेळी त्यांच्याच बाजूने बोलायचं.

कडी यायला महिना लागला. त्या महिन्यात बाबा दोनदा दाराच्या चौकटीला धडकले आणि चौकटीवरच ओरडले, जणू ती कोणी नवीनच बसवली होती.

रविवारी सकाळी गाडी लावली. पुढे दोन इंजिनं, मागे बारा डबे. मी आधी एक फेरी फिरवून पाहिली. काय सुरेख गेली म्हणून सांगू! दोन इंजिनं की एक, कळू नये अशी. मी आईला मिठीच मारली, तिच्या हातातला चिमटा माझ्या पाठीत रुतला.

"मले दे," बाबा म्हणाले. मूठ हातात घेतली. मान इकडे केली, तिकडे केली. मग हळूच विचारलं, "गाडी कुठं आहे?"

गाडी त्यांच्या समोर होती, दीड हातावर.

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, त्या तुटलेल्या कडीपायी हा महिना हातचा गेला. आईच्या चेहऱ्यावरही तेच होतं. इतकी पडलेली आई मी कधी पाहिली नव्हती.

बाबा बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "दोघांचा नंबर एकच आहे न? तोड तो. वेगळा कर."

"काहून वो?" आई म्हणाली. "इतक्या मेहनतीनं जोडला."

"दोन इंजिनांमधली केबल बिघडली की आम्ही दोन ड्रायव्हर बसत होतो. मागच्याले सिग्नल दिसतच नाही. पुढचा शिट्टी देते, मागचा शिट्टीनंच जवाब देते, मगच गाडी हलते. मागच्यानं पुढच्यावर भरवसा ठेवायचा, बस." त्यांनी कंट्रोलरची दुसरी मूठ चाचपली आणि आईकडे सरकवली. "मी मागच्यावर बसतो. तू पुढं बस."

"मले रेल्वेतलं काय समजते?" आई म्हणाली. टोमणा नव्हता तो, खरंच घाबरली होती.

"दिसते ते मोठ्यानं बोलायचं. मी ते परत बोलीन. इंजिनावर तसंच करतात."

मी नंबर वेगळे केले. आईने पदर खोचला आणि मुठीजवळचं बटण दाबून शिट्टी दिली. बाबांनी आपली दिली. दोघांनी मुठी फिरवल्या, दोन्ही इंजिनं एकदम उचलली आणि गाडी निघाली.

"सिग्नल हिरवा," आई म्हणाली.

"हिरवा," बाबा म्हणाले.

"पुढं वळण."

"वळण." आणि त्यांनी मूठ अगदी किंचित मागे घेतली, न बघता, नेमकी तिच्याइतकीच. एक फेरी, दुसरी, पाचवी. कडी एकदाही ताणली नाही. मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते आणि दोघांनाही माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

आता बाबांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. संध्याकाळी दोघं गढ्याच्या बाजारात भाजीला जातात. आई अर्धं पाऊल पुढे, बाबांचा हात तिच्या खांद्यावर. भाजीवाल्यांना आता सवय झाली आहे, पण नवीन माणूस थांबून बघतो.

"पुढं खड्डा," आई मोठ्याने म्हणते.

"खड्डा," बाबा म्हणतात, आणि पाऊल उचलतात.